अमेरिकेतला पेरोल बाहेर सोपवताना: गस्टो, एडीपी, पेचेक्स, क्विकबुक्स आणि पीईओ यांची पारख

पुण्याच्या किंवा नाशिकच्या कंपनीने डेलावेअरमध्ये उपकंपनी काढली, न्यू जर्सीत दोन माणसं नेमली आणि पगाराचं काम एखाद्या पेरोल सेवेकडे दिलं, की मालक कराच्या बाबतीतही निर्धास्त होतो. सेवांच्या जाहिरातीही तसंच भासवतात. मात्र साइन-अप करताना, सेवेला तुमच्या वतीने रिटर्न आणि भरणा पाठवण्याचा अधिकार देणाऱ्या ज्या फॉर्म ८६५५ वर सही घेतली जाते, त्यावर स्वच्छ लिहिलेलं असतं की रिटर्न वेळेवर जाणं आणि कराचा भरणा होणं ही जबाबदारी करदात्याचीच राहते. ही सही बहुतेक जण मोबाइलवर, खाली स्क्रोल करून, न वाचताच करतात.

म्हणून या परीक्षणात ॲप किती देखणं आहे याला फार गुण नाहीत. भरणा चुकला तर मालकाला ते कधी कळेल, कोणाकडून कळेल आणि पैसे कोणाच्या खिशातून जातील, यावर सेवा तोलल्या आहेत.

आधी रकमेचा अंदाज घेऊ. महिना १०,००० डॉलर पगाराचा एक कर्मचारी धरा. त्याच्या पगारातून सोशल सिक्युरिटीचे ६.२ टक्के आणि मेडिकेअरचे १.४५ टक्के, म्हणजे ७६५ डॉलर कापले जातात. कंपनी स्वतःचे तेवढेच ७६५ घालते. फेडरल प्राप्तिकराची कपात डब्ल्यू-४ (कर्मचाऱ्याने भरून दिलेला कपातीचा फॉर्म) प्रमाणे १,५०० निघाली असं मानू. आयआरएसकडे, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याकडे, दरमहा ३,०३० डॉलर जायला हवेत. यातले २,२६५ डॉलर (१,५०० अधिक ७६५) कर्मचाऱ्याचे असतात, कंपनीने ते फक्त विश्वस्त म्हणून धरलेले असतात. ते भरले गेले नाहीत, तर कंपनीचा पडदा बाजूला सारून जबाबदार व्यक्तीकडून वैयक्तिकरीत्या शंभर टक्के वसूल करण्याची तरतूद अमेरिकी कर संहितेच्या कलम ६६७२ मध्ये आहे. एका कर्मचाऱ्यामागे वर्षाला २७,१८० डॉलर. जबाबदार व्यक्ती म्हणजे कोणाची देणी द्यायची आणि कोणाची थांबवायची हे ठरवण्याचा अधिकार असलेली व्यक्ती. चेकवर सही करणारा पुण्यातला संचालकही त्यात येऊ शकतो. त्यासाठी आयआरएस जे पत्र पाठवते, लेटर ११५३, त्यावर अपील करायला अमेरिकेतल्या पत्त्यावर ६० दिवस आणि परदेशी पत्त्यावर ७५ दिवस मिळतात.

उशिराचा दंड पायरीपायरीने चढतो: ५ दिवसांपर्यंत २ टक्के, ६ ते १५ दिवस ५ टक्के, त्यापुढे १० टक्के आणि नोटिशीनंतरही भरलं नाही तर १५ टक्के. भारतात टीडीएस पुढच्या महिन्याच्या ७ तारखेला आणि पीएफ १५ तारखेला, अशा ठरलेल्या तारखांची आपल्याला सवय असते. अमेरिकेत तुमची तारीख तुमच्याच मागच्या आकड्यांवर ठरते. लुकबॅक काळातला (मागच्या ठरलेल्या चार तिमाह्यांतला) कर ५०,००० डॉलरपर्यंत असेल तर भरणा पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत. त्याहून जास्त असेल तर आठवड्यातच: बुधवार, गुरुवार किंवा शुक्रवारचा पगार असेल तर पुढच्या बुधवारी, शनिवार ते मंगळवारचा असेल तर पुढच्या शुक्रवारी. एका दिवसात देणं १,००,००० डॉलरवर गेलं, म्हणजे मोठा बोनस वगैरे, तर दुसऱ्याच कामकाजाच्या दिवशी. वरच्या उदाहरणातल्या एका माणसाचा वर्षाचा कर ३६,३६० डॉलर, म्हणजे मासिक भरणा. तसाच दुसरा नेमला की ७२,७२०, आणि तो आकडा लुकबॅकमध्ये आला की वेळापत्रक बदलतं. पहिल्या वर्षी मासिक असलेली कंपनी पुढेही मासिकच समजली जाणं ही स्वतः भरणा करणाऱ्यांची नेहमीची चूक. पूर्ण सेवा घेतलेली असेल तर ही तारीख सेवेने सांभाळायची असते, आणि या बाबतीत मोठ्या सेवा विश्वासू आहेत.

आता सेवांकडे वळू. बाजारात एकाच "पेरोल" शब्दाखाली कायद्याने वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात, आणि परदेशी मालकाची फसगत इथेच होते.

गस्टो, एडीपी रन, पेचेक्स फ्लेक्स आणि क्विकबुक्स पेरोल या सेवा तुमच्या ईआयएनवर, म्हणजे कंपनीच्या कर ओळख क्रमांकावर, काम करतात. रिटर्न तुमच्या नावाचं, भरणा तुमच्या नावाचा, त्या केवळ तुमच्या वतीने ते पाठवतात. त्यांच्याकडून भरणा चुकला तर आयआरएस तुमच्याकडेच येते, मग तुम्ही सेवेकडून भरपाई मागत बसा. बहुतेक करारांत सेवा स्वतःच्या चुकीने बसलेला दंड भरून देण्याची हमी देतात, पण "तुम्ही दिलेली माहिती बरोबर होती" ही अट जोडून. राज्याचा बेरोजगारी विम्याचा नवा दर तुम्ही कळवला नाही, तर ती हमी तिथेच संपते.

पीईओ म्हणजे तुमच्या माणसांची कागदोपत्री सह-नियोक्ता होणारी कंपनी. तिथे तुमचे कर्मचारी पीईओच्या ईआयएनखाली पगार घेतात. साध्या पीईओने कर बुडवला तर आयआरएस तुम्हाला मूळ मालक मानून दारात उभी राहू शकते. आयआरएसने प्रमाणित केलेल्या पीईओने, म्हणजे सीपीईओने, दिलेल्या पगारावरच्या फेडरल रोजगार कराची जबाबदारी मात्र कलम ३५११ नुसार त्याच्यावरच जाते. या प्रमाणनासाठी त्यांना किमान ५०,००० डॉलरचा बाँड ठेवावा लागतो आणि लेखापरीक्षित ताळेबंद द्यावे लागतात. या पूर्ण यादीत जबाबदारी खरोखर हलते ती एवढ्या एकाच ठिकाणी. एडीपी टोटलसोर्स, जस्टवर्क्स, ट्रायनेट ही त्यातली परिचित नावं. तरी सही करण्याआधी आयआरएसच्या सार्वजनिक यादीत करारावरच्या नेमक्या कायदेशीर नावाचा शोध घ्या. एकाच समूहातली एक कंपनी प्रमाणित आणि दुसरी नाही, असं असू शकतं.

तिसरा प्रकार ईओआर, म्हणजे माणूस स्वतःच्या नोकरीत ठेवून तुमच्या कामाला देणारी कंपनी, डील किंवा रिमोटसारखी. अमेरिकेत कंपनीच नसेल आणि एखादाच माणूस ठेवायचा असेल तर ठीक. उपकंपनी असताना ईओआर घेणं म्हणजे बहुतेक वेळा जादा पैसे मोजणं.

किमतीचं गणित सोपं आहे. गस्टो आणि क्विकबुक्सची सुरुवात महिना साधारण ५० डॉलर आणि वर माणशी ६-७ डॉलरच्या आसपास होते. एडीपी आणि पेचेक्स दर उघड लावत नाहीत, कोटेशन देतात आणि घासाघीस चालते. वर्षअखेरीच्या डब्ल्यू-२ चे (कर्मचाऱ्याला द्यायचं पगार-कपातीचं पत्रक) वेगळे पैसे आहेत का, हे कोटेशनवर लिहून घ्या. पीईओ माणशी महिना साधारण ५० ते १५० डॉलरच्या पट्ट्यात बसतो, आरोग्य विमा वेगळा. दोन-तीन माणसं एकाच राज्यात असतील तर पीईओवर खर्च करायचं फारसं कारण नाही. चार राज्यांत आठ माणसं आणि विमाही द्यायचा असेल, तर सीपीईओ स्वस्त पडतो. दिसायला महाग, हिशेबाला स्वस्त.

गस्टोची बाजू: मालक अकाउंटंट नसेल तर स्क्रीनवरचं काम सर्वांत सरळ इथे आहे, आणि फॉर्म, भरणे, राज्यनिहाय नोंदी एका जागी दिसतात. एडीपी आणि पेचेक्स जुन्या घराण्यातल्या. एडीपी १९४९ मध्ये न्यू जर्सीत सुरू झाली, पेचेक्स १९७१ मध्ये रॉचेस्टरला. दोन्हीकडे फोनवर माणूस मिळतो. आयआरएसची नोटीस हातात घेऊन भारतीय वेळेनुसार रात्री साडेआठला फोन करणाऱ्याला त्याची किंमत कळते. पेचेक्सकडे कर भरण्याची सेवा "टॅक्सपे" या नावाने आहे, ती करारात समाविष्ट आहे ना हे पाहा. क्विकबुक्समध्ये कर आपोआप भरण्याची एक खूण असते. ती बंद असेल तर क्विकबुक्स कर फक्त मोजतं, भरायचा तुम्ही. हिशेबाचं पॅकेज आधीच क्विकबुक्स असलेल्या कंपन्यांमध्ये ही खूण बंद राहून पहिली तिमाही कोरी जाण्याचे प्रकार घडतात. नव्या खात्यात सर्वांत आधी तिथे बघा.

छोट्या, स्थानिक, स्वस्त पेरोल ब्युरोबद्दल आमचं मत कडक आहे. पेरोल सेवा चालवायला अमेरिकेत फेडरल परवाना लागत नाही, आणि तुमच्या खात्यातून काढलेला कर भरण्याच्या तारखेपर्यंत त्यांच्या खात्यात पडून असतो. सप्टेंबर २०१९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या क्लिफ्टन पार्कची मायपेरोलएचआर अचानक बंद पडली. कर्मचाऱ्यांच्या खात्यात जमा झालेले पगार उलटे वळवले गेले, आणि करापोटी दिलेले पैसेही अनेक मालकांना पुन्हा उभे करावे लागले. मालक मायकेल मान याला २०२१ मध्ये १२ वर्षांची शिक्षा झाली. त्याने त्या मालकांच्या देण्यांत काही फरक पडला नाही.

मग लक्ष ठेवायचं कसं? सेवेचा डॅशबोर्ड हिरवी खूण दाखवतो, ती सेवेने स्वतःच स्वतःला दिलेली असते. खरी नोंद आयआरएसच्या बाजूची. सेवेने तुमच्या वतीने ईएफटीपीएसमध्ये, म्हणजे कर भरण्याच्या सरकारी ऑनलाइन यंत्रणेत, नोंदणी केली की तुमच्या कंपनीला भरणे पाहण्यासाठी वेगळा इन्क्वायरी पिन टपालाने येतो. तो टपालाने येतो, हीच गोम. कंपनीचा आयआरएसकडचा पत्ता डेलावेअरच्या नोंदणीकृत एजंटचा असेल, आणि त्या एजंटचा करार फक्त राज्याची व कोर्टाची कागदपत्रं पुढे पाठवण्याचा असेल, तर पिन तिथेच अडकतो. दरवर्षी भरण्याचं वेळापत्रक कळवणारी सीपी १३६ नोटीसही तिथेच अडकते, आणि दंडाचं पत्रही. म्हणून फॉर्म ८८२२-बी भरून असा पत्ता द्या जिथे टपाल उघडून स्कॅन होतं. ईआयएनच्या अर्जात नोंदलेली जबाबदार व्यक्ती बदलली असेल तर तोच फॉर्म ६० दिवसांत द्यावा लागतो. सेवेचा पत्ता कधीच देऊ नका. तसं सुचवलं जातं, "नोटिसा आम्ही बघू" म्हणून. मग सेवेने भरणा चुकवला, तर त्याचं पत्र चुकवणाऱ्याच्याच टेबलावर जातं.

ईएफटीपीएसचं लॉगिन परदेशातून जमलं नाही तर दोन पर्याय आहेत. प्रत्येक भरण्याचा १५ अंकी ईएफटी क्रमांक सेवेकडून मागून घ्या. आणि फॉर्म ८८२१ देऊन (तुमची कराची माहिती पाहण्याचा अधिकार) अमेरिकेतल्या सीपीएला, म्हणजे तिथल्या सीएला, तिमाहीतून एकदा फॉर्म ९४१ चा (पेरोल कराचं तिमाही रिटर्न) अकाउंट ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे आयआरएसकडचा खातेउतारा, काढायला लावा. त्यात कोड ६५० समोर प्रत्येक भरणा तारखेनिशी दिसतो. १८६ दिसला तर भरण्याच्या उशिराचा दंड लागला आहे. तिमाहीच्या ६५० च्या बेरजेशी फॉर्म ९४१ चा एकूण कर जुळला की काम झालं. ९४१ ची मुदत ३० एप्रिल, ३१ जुलै, ३१ ऑक्टोबर आणि ३१ जानेवारी. फॉर्म ९४० (फेडरल बेरोजगारी कराचं वार्षिक रिटर्न) आणि डब्ल्यू-२ हेही ३१ जानेवारीला.

साइन-अपमध्येच अडणाऱ्या गोष्टी परदेशी मालकाला वेगळ्या आहेत. ईआयएन घेताना मालकाकडे एसएसएन (सोशल सिक्युरिटी क्रमांक) किंवा आयटीआयएन (व्यक्तीचा कर क्रमांक) नसेल तर ऑनलाइन अर्ज चालत नाही. फॉर्म एसएस-४ फॅक्सने किंवा टपालाने द्यावा लागतो. त्यानंतर पेरोल सेवेची केवायसी. अनेक सेवा सही करणाऱ्याचा एसएसएन मागतात आणि पर्याय देत नाहीत. त्यामुळे पैसे भरण्याआधी विक्री प्रतिनिधीकडून ईमेलवर उत्तर घ्या: "एसएसएन नसलेला, भारतात राहणारा अधिकारी सही करू शकतो का?" उपाय म्हणून तिथल्या कर्मचाऱ्यालाच सही करणारा बनवण्याची टूम निघते. त्याला कंपनीच्या पैशांवर अधिकार मिळाला की तोही जबाबदार व्यक्तीच्या व्याख्येत येऊ शकतो. शहाणा कर्मचारी नकार देईल.

बँक खात्याचंही असंच. सेवा पगाराच्या दोन ते चार कामकाजी दिवस आधी पगार आणि कर दोन्ही एसीएच डेबिटने, म्हणजे तुमच्या खात्यातून थेट, खेचतात. काही ऑनलाइन खाती पैसे स्वीकारतात, पण बाहेरून डेबिट होऊ देत नाहीत. डेबिट परत गेलं की सेवा पगार थांबवते, कर भरत नाही, आणि एक-दोनदा झालं की खातं बंद करते. भारतातून भांडवल पाठवायचं म्हणजे परदेशी गुंतवणुकीच्या नियमांत, अधिकृत बँकेच्या कागदपत्रांतून जावं लागतं, पगाराच्या आदल्या दिवशी ते होत नाही. अमेरिकी खात्यात किमान दोन महिन्यांचा पगार आणि कर कायम पडून असावा.

पगारपत्रकावर कोण असावं, याबद्दल सॉफ्टवेअर काहीच विचारत नाही. पुण्यात बसून काम करणारा अनिवासी संचालक अमेरिकी पेरोलवर घालू नका. अमेरिकेबाहेर केलेल्या कामाचा त्याचा मोबदला तिथल्या उत्पन्नात येत नाही आणि त्यावर फायका (सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचा कर) लागत नाही. एकट्याच्या मालकीच्या एलएलसीच्या मालकाला तर स्वतःला डब्ल्यू-२ देताच येत नाही. उलट बाजूने, पुण्याच्या कंपनीने एल-१ वर (कंपनीअंतर्गत बदलीचा व्हिसा) माणूस न्यू जर्सीला पाठवला आणि त्याचा निम्मा पगार पुण्यातच रुपयांत चालू ठेवला, तर अमेरिकेत केलेल्या कामाचा तो निम्मा भागही अमेरिकी पगारच असतो. सेवेला तो दिसत नाही. तो शॅडो पेरोल म्हणून दर महिन्याला डॉलरमध्ये घालावा लागतो, नाहीतर डब्ल्यू-२ अपुरा निघतो. भारत-अमेरिका सामाजिक सुरक्षा करार नसल्याने त्याच्यावर फायका चुकत नाही, तिकडे पीएफ चालू असला तरी.

विद्यार्थी व्हिसावरच्या मुलांचं नेमकं उलट. एफ-१ वर ओपीटी (विद्यार्थी व्हिसावर मिळणारी कामाची तात्पुरती परवानगी) करणाऱ्याला, करदृष्ट्या अनिवासी असेपर्यंत, साधारणपणे पहिली पाच कॅलेंडर वर्षं, फायका लागत नाही. सेवा मात्र गप्प राहिलात तर कापते. नव्या माणसाच्या नोंदीत सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरमधून सूट ही खूण हाताने करावी लागते, आणि सहाव्या वर्षाच्या १ जानेवारीला किंवा एच-१बी झाल्याच्या दिवशी काढावी लागते. चुकून कापलेले परत मिळवायला कंपनीने ९४१-एक्स, म्हणजे ९४१ च्या दुरुस्तीचा फॉर्म, भरायचा. अनिवासींच्या कपातीत पगारात एक जादा रक्कम मिळवून कर मोजण्याचा नियम आहे, त्यातून भारतातले विद्यार्थी वगळले आहेत. हा बारकावा सेवेच्या पहिल्या फळीतल्या प्रतिनिधीला ठाऊक असेल अशी अपेक्षा ठेवू नका. आयआरएसचं प्रकाशन १५ पुढे करा.

राज्यांकडे आलं की सगळ्याच सेवांचे गुण उतरतात. फेडरल बाजू एकसारखी, राज्यांची पन्नास तऱ्हांची. सेवा खातं चालवते, पण नोंदणी बहुधा तुमची, किंवा वेगळ्या शुल्कावर. खाते क्रमांक येईपर्यंत कापलेला राज्य कर अडकून राहतो. न्यू जर्सीच्या माणसाने घर बदलून पेनसिल्व्हेनिया गाठलं तर स्थानिक प्राप्तिकर सुरू होतो, त्यासाठी त्या भागाचा सहा अंकी पीएसडी कोड लागतो, आणि पत्ता बदलल्याचं कर्मचाऱ्याने ॲपमध्ये घातलं नाही तर कोणालाच कळत नाही. वॉशिंग्टन राज्यात कामगार विमा सरकारी खात्याकडेच असतो आणि तासांवर मोजला जातो. कॅलिफोर्नियात नव्या मालकाचा बेरोजगारी विमा पहिल्या ७,००० डॉलरवर ३.४ टक्क्यांनी सुरू होतो, पुढे दरवर्षी नवा दर टपालाने येतो, आणि तो सेवेत तुम्हीच घालायचा. त्याच राज्याने फेडरल कर्ज न फेडल्याने तिथल्या मालकांचा फ्युटाही (फेडरल बेरोजगारी कर) वाढत गेला: एरवी माणशी ४२ डॉलर, २०२४ साठी १०५. वाढीव रक्कम जानेवारीत एकदम डेबिट होते, तेव्हा सेवेने चोरी केली असं समजून तक्रार करू नका.

सेवा बदलायची तर १ जानेवारीला. निदान तिमाहीच्या सुरुवातीला. वर्षाच्या मध्यावर साध्या पीईओकडे गेलात तर सोशल सिक्युरिटीची मर्यादा (२०२६ साठी १,८४,५०० डॉलर) आणि फ्युटाचे ७,००० पुन्हा शून्यापासून मोजले जाण्याचा धोका असतो, सीपीईओकडे तो नाही. जुन्या सेवेकडून लिहून घ्या की शेवटच्या तिमाहीचं ९४१ आणि डब्ल्यू-२ कोण पाठवणार. दोघांनी पाठवलं तर एक भानगड, कोणीच नाही तर त्याहून मोठी. जुना फॉर्म ८६५५ रद्द झाल्याची खात्री करा. आणि एखाद्या राज्यातला शेवटचा माणूस सोडून गेला की त्या राज्याची खाती स्वतः बंद करा. सेवा तिथलं काम थांबवते, पण खातं उघडंच राहतं, आणि उघड्या खात्यावर शून्य पगाराचं रिटर्नही दर तिमाहीला भरावं लागतं.